उत्तरेस बोळ

ओल्या कापडातून गळणाऱ्या रंगाला एक वास असतो. मीठ, वाफ आणि चुलीवर तापलेले जर्मनचे भगुणे यांचा मिळून झालेला तो वास नाकात एकदा बसला, की चाळीस वर्षांनंतरही ओळखता येतो. औशाच्या आमच्या घराला उत्तर अंगाने एक अरुंद बोळ आहे. त्या बोळाच्या मातीवर रंगाच्या थेंबांची एक ओळ सदैव असे. मागच्या घरातल्या रंगरेजांच्या बायका पिळलेली कापडे बादलीत घालून रस्त्याकडच्या उन्हात वाळवायला नेत आणि बादलीच्या काठावरून थेंब पडत जात. सकाळी राणी रंगाची ओळ, दुपारी तिच्यावर पोपटी, आणि संध्याकाळी दोन्ही मिसळून झालेला कसलासा अनाम तपकिरी. शाळेतून येताना त्या थेंबांवर पाय न ठेवता चालायचे, असा माझा खेळ होता. किती सरळ असायची ती ओळ! तिला कुणी फूटपट्टी लावली नव्हती. माणसे वर्षानुवर्षे एकाच वाटेने जात राहिली, एवढेच.

ते घर विकायचे ठरले, तेव्हा या ओळीची आठवण मला आली नव्हती. घर म्हणजे फार काही नाही. पूर्वेला रस्ता, रस्त्याला लागून पत्र्याच्या दोन खोल्या, मागे थोडी मोकळी जागा. आई-वडील गेल्यावर त्याला कुलूप लागले. मी नांदेडला वर्तमानपत्रात नोकरी करून तिथेच स्थिरावलो. थोरली बहीण, अक्का, मुदखेडला सासरी. वर्षातून एकदा जाऊन कुलपात तेल घालायचे, अंगणातले गवत काढायचे आणि परतीची बस धरायची, असा आमचा त्या वास्तूशी संबंध उरला होता. लातूरचे एक औषध दुकानदार, गिरीशराव, यांनी जागा मागितली. खाली दुकान आणि वर राहायला दोन खोल्या, अशी त्यांची कल्पना. व्यवहार तोंडी ठरला, आणि मग कागदांची वाट सुरू झाली.

या वाटेवर मी पूर्वी बातमीदार म्हणून अनेकदा उभा राहिलो होतो. चालणारा म्हणून प्रथमच आलो. आधी वारस नोंद, मग मिळकत पत्रिका, मोजणी, तीस वर्षांचा शोध अहवाल, खरेदीखताचा मसुदा. प्रत्येक कागद आधीच्या कागदाचे बोट धरून येतो. त्यात मला सर्वांत विलक्षण वाटला तो चतुःसीमेचा परिच्छेद. एवढ्या मोठ्या पृथ्वीवर आपला तुकडा कोणता, हे सांगण्यासाठी माणसाने शोधलेली युक्ती किती साधी आहे! तुकड्याविषयी काही बोलायचेच नाही. त्याच्या चारी बाजूंना कोण आहे तेवढे सांगायचे. आमच्या भागात तर चतुःसीमेत माणसेच लिहितात. पूर्वेस अमुकचे घर, दक्षिणेस तमुकचा गोठा. नवा दस्त करताना ही नावे जुन्या दस्तावरून जशीच्या तशी उतरवून घेण्याची रीत आहे. आमच्या उत्तरेला नागनाथअप्पांची भिंत आहे. अप्पा मी चौथीत असताना वारले. त्यांची मुले पुण्याला गेली, भिंत दोनदा नव्याने बांधून झाली. तरी दस्तात आमच्या उत्तरेला अप्पाच उभे आहेत. कागदावर शेजारी मरत नाहीत.

गिरीशरावांच्या वकिलांनी एकच गोष्ट अधिक मागितली. वडिलांनी आणि काकांनी केलेले मराठी वाटणीपत्र आमच्याजवळ होते. पण त्याच्या पहिल्या ओळीत ‘पूर्वीच्या खताने मिळालेली मिळकत’ असा उल्लेख होता. ते पूर्वीचे खत मिळाले तर बरे, असे वकील म्हणाले. नाही सापडले, तर तसे प्रतिज्ञापत्र करून द्यावे. शोध तीस वर्षांचाच घेतात, त्यामागे कुणी जात नाही.

ते सापडले. वडिलांच्या ट्रंकेत, डाळिंबी रंगाच्या एका फडक्यात गुंडाळलेले. निजामाच्या काळातला मुद्रांक, वर गोल शिक्का, आणि खाली वाऱ्याने वाकवलेल्या गवतासारखी उर्दू अक्षरे. माझ्या आजोबांनी ही जागा विकत घेतल्याचा तो बैनामा होता. आमच्या कुळाच्या या एकमेव मिळकतीचा मूळ पुरावा, आणि मला त्यातले एक अक्षर वाचता येत नव्हते. मराठवाड्यातल्या कितीतरी घरांची हीच स्थिती आहे. आजोबांची सही ओळखायलाही आपल्याला दुभाषा लागतो!

औशात दस्त लिहिणारे एक मुनीरभाई आहेत. वय सत्तरीच्या पुढे, टपरीएवढ्या खोलीत एक टेबल, दोन खुर्च्या आणि एक भिंग. जुन्या, मोडत्या वळणाची उर्दू वाचणारे आता बोटांवर मोजण्याइतके राहिले. ते त्यांतले एक. त्यांनी कागद उजेडात धरला, नुसत्या अक्षरांच्या वळणावरून लिहिणाऱ्याच्या हाताला दाद दिली आणि सावकाश वाचायला लागले. विकणारे मागच्या घरातले रंगरेज. म्हणजे आमची जागा मुळात त्यांचीच! समोरचा भाग आजोबांना विकून ते स्वतः मागच्या भागात राहिले होते. मग मुनीरभाई म्हणाले, “आता हुदूदे अर्बा. म्हंजे तुमची चतुःसीमा.” मशरिक, पूर्वेला, रस्ता. मगरिब, म्हणजे पश्चिमेला, विकणाऱ्याचे घर. जुनूब, दक्षिणेला, एका शिंप्याचे घर. शुमालच्या, म्हणजे उत्तरेच्या, ओळीवर आल्यावर त्यांनी भिंग खाली ठेवले, चष्मा पुसला आणि पुन्हा भिंग उचलले.

“साहेब, हे तुमच्या मराठी कागदात हाय का?”

“काय?”

“उत्तरेला रास्ता, बराए आमदोरफ्त. येन्याजान्याचा. रुंदी तीन हात. बेचनेवाले के घर का रास्ता, हमेशा खुला रहेगा. त्याच्या पल्याड नागनाथअप्पाची भिंत.”

मराठी वाटणीपत्र माझ्या हातातच होते. त्यात उत्तरेस एवढेच होते : नागनाथअप्पा यांची भिंत.

चूक कशी झाली असेल, ते मुनीरभाईंनीच सांगितले, आणि सांगताना हसले. “लिहिनाऱ्यानं इचारलं असंल, उत्तरेला कोन? बोळाला नाव कुठलं? मग ज्याला नाव हाय त्याला लिहिलं.” चार दिशा, चार नावे, तीन हातांची एक वाट दोन नावांच्या फटीत पडून गेली. मोजणीदाराने त्या कागदावरून फीत थेट अप्पांच्या भिंतीपर्यंत नेली होती. गिरीशरावांच्या नकाशात बोळाच्या जागी जिना होता. आणि मागच्या घराला दुसरी वाट नाही. तिन्ही बाजूंना लोकांच्या भिंती.

कागद परत देताना मुनीरभाई म्हणाले, “म्या वाचून दाखवलं. मराठीत तर्जुमा लिहून द्यायचा का, ते तुम्ही सांगा.” त्यांच्या आवाजात उपदेश नव्हता, आरोपही नव्हता. मी म्हणालो, “सांगतो.”

वर्तमानपत्रात आम्ही बातमी शेवटाकडून कापायचो. जागा कमी पडली, की शेवटचा परिच्छेद जाई. तिथे बहुधा ज्यांच्या नावाला वजन नाही अशा माणसांविषयीचे वाक्य असे. वाचकाला कापलेले कळत नाही. कापल्याची खूण राहू नये, हेच त्या कसबाचे यश. मी हे काम तीस वर्षे केले, आणि खोटे एक अक्षर छापले नाही, असे स्वतःला सांगत आलो. ते खरेही आहे. पण न छापलेल्या अक्षरांचा हिशेब कोणत्या वहीत असतो?

त्या दुपारी घराकडे गेलो, तर बोळात तो वास होता. मागच्या घरात आता रशीदाआपा एकटी राहते. ती त्या विकणाऱ्या रंगरेजांची नात आणि अक्काची लहानपणची मैत्रीण. लग्न होऊन निलंग्याला गेली होती. नवरा वारल्यावर परत इथे आली. मुलगा हैदराबादेत कामाला आहे. साड्या रंगवून घेणारे आता कुणी राहिले नाही, पण ड्रेसवर ओढणी जुळवून रंगवायला मुली येतात. नमुन्याची चिंधी भगुण्याजवळ धरून आपा नुसत्या नजरेने रंग मिळवते. तिच्या अंगणात ऊन उतरत नाही. ओढण्या वाळतात त्या बोळाच्या तोंडाशी, रस्त्याकडे बांधलेल्या दोरीवर.

“बापू! कवा आलास रे?” कोपरापर्यंत मोरपंखी झालेले हात तिने पदराला पुसले. “घर इकून राहिलास म्हने.”

“हो आपा.”

“इक बाबा. बंद घराला कुत्री लागत्यात. घेनारा कोन हाय?”

“लातूरचे आहेत. औषधाचं दुकान टाकणार.”

“मेडिकल? मग बरंच झालं की! माज्या गुडघ्याची गोळी दारात आली.” ती हसली, चहा ठेवायला वळली, आणि वळता वळता म्हणाली, “फकस्त एक सांगून ठिव त्याला. थेंबावरून बोंबलू नको म्हनावं. त्यानं पांढरी फरशी टाकली, तर म्या न्हाई जबाबदार. माजं काय, एक मानूस अन् एक बादली जाईल एवढी जागा ऱ्हायली, की बास.”

वाट राहणार, यात तिला शंकाच नव्हती. उद्या सूर्य कुठून उगवेल असे जसे कुणी विचारत नाही, तसे तिने ते विचारले नाही. मी चहा प्यालो. बैनामा माझ्या बॅगेत, माझ्या पायाशी होता. बोलायचे ते बोललो नाही.

चार दिवस तो कागद नांदेडच्या घरी त्याच बॅगेत राहिला. वकिलांचा निरोप आला, तेव्हा मी ‘शोधतो आहे’ असे उत्तर दिले. सकाळी गोदावरीच्या घाटावर फिरायला जायचो आणि स्वतःशी युक्तिवाद करायचो. वाटणीपत्र मी लिहिलेले नाही. चूक आधीच्या पिढीची. शिवाय आपाला वहिवाटीचा हक्क असेलच, ती कोर्टात जाऊ शकेल. आपा कोर्टात! रंगाच्या हातांनी वकीलपत्रावर सही करणारी, तारखेला लातूरची बस धरणारी आपा मी डोळ्यांसमोर आणून पाहिली, आणि घाटावरच्या पायरीवर बसलो. मनुष्य स्वतःला फसवतो तेव्हाही किती मुद्देसूद असतो!

पाचव्या दिवशी अक्काला फोन केला. बैनाम्यात काय आहे ते सांगितले. दस्तावर तिचीही सही लागणार होती आणि तिच्याही वाट्याचे पैसे कमी होणार होते. तिने सगळे ऐकून घेतले. मग तिने भलतेच विचारले.

“उन्हाळ्यात आपन समदे भाईर निजायचो. गार वारं कुटं यायचं, सांग बरं?”

“बोळात.”

“मग आईनं तिथं कवा खाट टाकू दिली?”

खरेच दिली नव्हती. घामाच्या धारा लागत, तरी खाटा अंगणात. विंचू असतात म्हणून असेल, अशी माझी समजूत होती.

“इंचू कशाचा! म्या इचारलं हुतं तिला. ती म्हनली, दुसऱ्याच्या वाटंवर निजू न्हाई.” आणि मग अक्काचा तो ठेवणीतला सूर आला. “मला वाटलं तुला ठाव हाय. पेपरवाला तू. गावाच्या समद्या भानगडी तुला म्हाईत, अन् घरचा बोळ न्हाई?”

“पैसे कमी येतील अक्का.”

“येऊ देत. अन् ह्ये बघ, सही करायला म्या येते. पन बोळ लिवला आसंल तरच. न्हाईतर तूच लाव दोन अंगठे.”

आईला उर्दू येत नव्हती. मराठीही ती बोट ठेवून वाचायची. ट्रंकेतला कागद तिने कधी उघडला नसावा. पण त्यातली शुमालची ओळ तिला पाठ होती आणि ती तिने उन्हाळ्यामागून उन्हाळे पाळली, एका खाटेची जागा बदलून! दस्ताची अंमलबजावणी म्हणतात ती आणखी कोणती असते? कागदातून बोळ गळला, तेव्हाही तो घरात शाबूत होता, कारण घरातल्या एका बाईला तो माहीत होता. ती गेली आणि माहिती गेली. माणसांच्या स्मरणात असते तोवर गोष्टीला कागद लागत नाही, हे खरे. पण स्मरणाला वारस नोंद नसते, हे त्याहून खरे.

गिरीशरावांना मी त्याच दिवशी सगळे सांगितले. ते वाईट माणूस नाहीत, आणि कुणालाही वाटेल तेच त्यांना वाटले. “सर, तीन हात म्हणजे साडेचार फूट. माझा जिनाच गेला की!” मी म्हणालो, जिना आत घ्यावा लागेल आणि किंमत त्यांनी नव्याने सांगावी. “बघतो,” म्हणून त्यांनी फोन ठेवला. पुढचे अकरा दिवस त्यांचा फोन आला नाही. गिऱ्हाईक गेले असे मी धरून चाललो. त्या दिवसांत आणखी दोघे जागा बघून गेले, तेही बोळ ऐकून परत आले नाहीत.

बाराव्या दिवशी गिरीशराव आपल्या इंजिनिअरला घेऊन औशाला गेले आणि तिथूनच त्यांनी फोन केला. “इथं उभा आहे सर. ती बाई बादली घेऊन दोनदा गेली माझ्या अंगावरून. ‘बाजूला व्हा, रंग लागंल’ म्हणाली.” थोडे थांबून ते म्हणाले, “तुम्ही सांगितलं नसतं, तर मी भिंत बांधली असती. मग ती कुठून गेली असती?” त्यांनी नवी किंमत सांगितली. कमी होती. मी घासाघीस केली नाही.

नोंदणीच्या दिवशी मुनीरभाई साक्षीदार म्हणून आले. अक्का मुदखेडहून पहाटेच निघाली होती. फोटोसाठी पदर सारखा करून यंत्रापुढे ती अशी ताठ बसली, जणू तिचेच लग्न लागत होते. दस्ताचा गोषवारा संगणकात उतरवणाऱ्या मुलीने विचारले, “उत्तरेस?”

“बोळ,” मी म्हणालो.

“नाव सांगा काका. उत्तरेला कोण आहे?”

पुन्हा तोच प्रश्न! चाळीस-पन्नास वर्षांपूर्वी कुणीतरी याच सुरात तो विचारला असेल, आणि वडील किंवा काका क्षणभर अडखळून शेजाऱ्याचे नाव सांगून मोकळे झाले असतील. कुणाच्या मनात कपट नव्हते. घाई होती, रांग होती, आणि बोळाला नाव नव्हते.

मागून मुनीरभाई म्हणाले, “लिहा बेटा. मागील घराच्या येण्याजाण्याचा कायम खुला बोळ, रुंदी तीन हात. त्यापलीकडे नागनाथअप्पा यांची भिंत.”

“हात चालत नाहीत चाचा. मीटरमध्ये सांगा.”

गिरीशरावांनी मोबाइलवर गणित केले. “एक पॉइंट सदतीस.”

“बघा,” मुनीरभाई अक्काला म्हणाले, “तीन हाताचं काय झालं!”

“आमची बादली गेली म्हंजे झालं,” अक्का म्हणाली.

मुलीने टाइप केले. पडद्यावर उत्तरेच्या रकान्यात ती ओळ बाकीच्या तिघींपेक्षा लांब दिसत होती. अंगठे झाले, सह्या झाल्या, आणि जे घर आमचे होते ते आमचे राहिले नाही. दुःख होईल अशी तयारी मी करून गेलो होतो. तसे विशेष काही झाले नाही. एक भार उतरला. तो घराचा होता की बॅगेचा, ते अजून ठरवता आलेले नाही.

पंधरा दिवसांनी दस्ताची एक प्रत आणि मुनीरभाईंनी सुवाच्य अक्षरात लिहून दिलेला तर्जुमा मी आपाला द्यायला गेलो. घडलेले सारे सांगितले, चार दिवसांचेही. ती चुलीपाशी बसून ऐकत होती. भगुण्यात काहीतरी लाल उकळत होते. शेवटी ती म्हणाली, “म्हंजे दादाजान लिवून गेले हुते.” मग माझ्याकडे पाहिले. “अन् तू चहा पिऊन गेलास.”

“हो.”

“साखर कमी पडली हुती का त्यात?”

मी दस्त पुढे केला. तिने कागद हातात घेतले नाहीत. हात लाल होते. “फळीवर ठिव. वर, तिकडं. पानी न्हाई लागत.” फळीवर ठेवून वळलो, तेव्हा तिने पिळलेली ओढणी बादलीत टाकली आणि बादली माझ्यापुढे सरकवली. “चाललास न्हवं? दोरीवर टाकून जा. माजा गुडघा वाचंल.”

बादली घेऊन मी बोळात आलो. डावीकडे अप्पांची भिंत, उजवीकडे आमच्या, म्हणजे आता गिरीशरावांच्या, जागेवर खोल्या पाडून पायाची आखणी झाली होती. चुन्याच्या फक्कीची पांढरी रेघ रस्त्यापासून मागपर्यंत गेली होती, बोळाची रुंदी सोडून, अगदी सरळ. मी चालू लागलो. बादलीच्या काठावरून लाल थेंब पडत होते आणि पांढऱ्या रेघेच्या शेजारून त्यांची ओळ माझ्या मागे येत होती. रस्त्याशी पोचल्यावर वळून पाहिले. माझी ओळ वाकडी होती. दोन-तीन ठिकाणी तर फक्कीवरही थेंब पडले होते. या वाटेने बादली घेऊन मी पहिल्यांदाच चाललो होतो.